फलाटावरचा सहा पायांचा कुत्रा

"गोंद संपला!" गोंद्यानं बाटली उलटी धरून दाखवली. एक थेंबही पडला नाही.

"संपला? अरे, अख्खी बाटली होती!" मोजपट्टी ओरडली. "अजून रुळांखालची अर्धी खडी चिकटवायची राहिलीय!"

"मग मी काय करू? मी प्यायलो का?"

"प्यायलाही असशील! हात बघ तुझे!"

गोंद्याच्या हातांना हिरवा भुसा, कापूस, वाळू आणि कुणाचा तरी एक केस असं बरंच काही चिकटलेलं होतं. कुठलीही वस्तू चिकटवायची म्हटली की तो आधी स्वतःला चिकटवून घ्यायचा, म्हणून तर तो गोंद्या. त्याची चुलत बहीण खिशात मोजपट्टी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसे, म्हणून ती मोजपट्टी. आणि मोजपट्टीची धाकटी बहीण ताई जाईल तिथं मागोमाग जायची, म्हणून ती शेपूट. या तिघांनी सुट्टीभर माडी अडवून ठेवली होती.

सुरुवात केली होती काकांनी, म्हणजे गोंद्याच्या बाबांनी. काचेच्या कपाटात त्यांच्या छोट्या छोट्या रेल्वेगाड्या होत्या. त्यांचे फोटो त्यांना प्रदर्शनाला पाठवायचे होते, पण प्रत्येक फोटोत इंजिनामागे साखरेचा डबा तरी यायचा, नाहीतर काकूंचा चष्मा. शेवटी काका म्हणाले, "पोरांनो, मला एक देखावा करून द्या. दोन हात लांब फळी घ्या. तिच्यावर थोडे रूळ, थोडा फलाट, थोडं गवत. इंजिन ठेवलं, फोटो काढला, झालं!"

"झालं" म्हणणं सोपं होतं. मोजपट्टीनं ठरवलं की करायचं तर आपल्याच गावचं स्टेशन करायचं. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. तिघांपैकी कुणीही तिथं कधी गाडी पाहिली नव्हती. मोजपट्टीनं तिथला बाक मोजला, तिकिटाची खिडकी मोजली, एका बाजूला झुकलेला दिव्याचा खांब मोजला. फलाटाच्या टोकाशी चहाचं दुकान होतं, तेही मोजलं. दुकानवाल्या मावशी हसून म्हणाल्या होत्या, "माझंही माप घे हो, म्हणजे उरलंसुरलं काही राहायला नको!" मोजपट्टीनं ते खरोखरच घेतलं. आता फळीवरच्या दुकानाच्या दारात बोटाच्या पेराएवढ्या मावशी उभ्या होत्या. डोक्याला पिवळा रुमाल आणि हातात मण्याची किटली.

"थांब, मी आलोच," म्हणत गोंद्या स्वयंपाकघरात पळाला आणि वाटीत काहीतरी दाट घेऊन आला.

"काय आहे ते?"

"विचारू नकोस. चिकटतंय ना? मग झालं!"

चिकटलं मात्र झकास.

दुसऱ्या दिवशी काकांनी फळी गच्चीवर नेली आणि कठड्याजवळ स्टुलावर ठेवली. आता मागे भिंत नव्हती, खरं आभाळ आणि खरी टेकडी होती. फळीवर निळं इंजिन उभं राहिलं. काका पोटावर झोपले, कॅमेरा रुळांच्या उंचीला आणला आणि एकदम गप्प झाले.

"काका? काय झालं? बिघडलं का?"

"बिघडलं? अगं, गाडी आलीय! खरीखुरी गाडी आलीय आपल्या स्टेशनात!"

मोजपट्टीचे कान आनंदानं गरम झाले. काकांनी त्यातला एक फोटो मोठा करायला चौकातल्या फोटोवाल्यांकडे टाकला आणि कॅमेरा घेऊन ते कामासाठी बाहेरगावी गेले. रविवारी सकाळच्या बसनं परत यायचे होते.

*

गुरुवारी सकाळी मोजपट्टीची आई गावचं वर्तमानपत्र हातात घेऊन धावतच माडीवर आली.

"ऐकलंत का? गाडी आली! 'बंद स्टेशनात पहाटे इंजिनाची चाचणी, लवकरच गाड्या सुरू!' फोटोही आलाय बघा!"

तिघांनी पेपरवर उडीच घेतली. फोटोत निळं इंजिन होतं, फलाट होता, झुकलेला खांब होता; टोकाचं चहाचं दुकान तेवढं चौकटीबाहेर राहिलं होतं. खाली छापलं होतं, 'स्वागताला फलाटावर फक्त एक काळा कुत्रा!'

"तुम्ही केलेलं हुबेहूब असंच दिसतं की!" आई कौतुकानं म्हणाली. "काय छान नक्कल केलीत रे!"

"चला, बघून येऊ!" गोंद्या चपला न घालताच सुटला.

स्टेशनात मात्र सगळं नेहमीसारखंच होतं. रुळांवर तांबडा गंज होता. या रुळापासून त्या रुळापर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं आणि त्यावर दव चमकत होतं.

"गोंद्या, इंजिन गेलं असतं तर हे जाळं राहिलं असतं का?" मोजपट्टीनं विचारलं.

"कोळ्यानं नंतर विणलं असेल."

"आणि गंज? तो पण नंतर विणला?"

गोंद्यानं डोकं खाजवलं. बोट केसांना चिकटलं. तेवढ्यात पेपरात नाक खुपसून बसलेली शेपूट म्हणाली, "ताई, या कुत्र्याला खूप पाय आहेत."

"चार असतात कुत्र्याला."

"याला सहा आहेत. मी परत मोजले."

तिघांची डोकी पेपरावर आपटली. सहाच होते! शिवाय दोन मिशा!

"मुंगी!" मोजपट्टी किंचाळली. "अरे, ही मुंगी आहे! हे आपलं स्टेशन आहे! गोंद्या, खरं सांग, त्या वाटीत काय होतं?"

"साखरेचा पाक," गोंद्या पुटपुटला. "चिकटला तर होता ना..."

तिघंही फलाटावर लोळून लोळून हसले. अख्ख्या गावानं फळीला स्टेशन म्हटलं होतं! मोजपट्टीच्या पोटात तर आनंद मावेना. तिनं मापानं कापलेला बाक खरा ठरला होता, तिनं वाकवलेला खांब खरा ठरला होता.

"अगं पोरी!" मागून हाक आली. चहावाल्या मावशी हातात ओला फडका घेऊन उभ्या होत्या. दुकानापुढे घासलेल्या किटल्यांची रांग लागली होती. "बरी भेटलीस. तुझ्या काकांना गाड्यांमधलं सगळं कळतं. हे पेपरात आलंय ते खरं आहे ना गं?"

'नाही मावशी, तो आमच्या फळीचा फोटो आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण तिच्या स्टेशनाला मावशीसुद्धा फसल्या होत्या! रोज या फलाटावर उभ्या राहणाऱ्या मावशी! तो आनंद अजून जिभेवर होता, आणि त्याच जिभेनं मोजपट्टी म्हणाली, "हो."

"वाटलंच मला!" मावशींचा चेहरा असा उजळला की मोजपट्टीनं मान खाली घातली. "अगं, सोमवारपासून मी दवाखान्याच्या कँटीनमध्ये कामाला लागणार होते. इथं आता चहा प्यायला कोण येतं? पण गाडी येणार म्हटल्यावर दुकान कशाला सोडू?" त्यांनी रस्त्यानं चाललेल्या दूधवाल्याला हाक मारली. "अहो, दवाखान्यात जाताय ना? कँटीनच्या बाईंना सांगा, मी येत नाही म्हणावं! दुसरी कुणी बघा!"

"सांगतो!" म्हणत दूधवाला सायकलवरून निघूनही गेला.

सायकल वळणाआड जाईपर्यंत मोजपट्टी तिच्याकडे बघत राहिली. मावशी गाणं गुणगुणत किटली घासायला बसल्या.

*

"तू हो का म्हणालीस?" कोपऱ्यावर आल्यावर गोंद्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"ताई खोटं बोलली," शेपूट म्हणाली. तिनं ते चहाडी केल्यासारखं म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. मोजपट्टीला ते जास्तच लागलं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढच्या घराच्या खिडकीच्या काचेत दिसलेला स्वतःचा चेहराही तिला बघवेना.

"फोटो पेपरात गेलाच कसा, ते आधी शोधू," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे सगळ्यांना पटवून देता येईल."

पेपरातल्या फोटोत आभाळात एक पांढरी रेघ होती. गाव तिला धूर म्हणत होतं. न्हाव्यानं तर पहाटे शिट्टीसुद्धा ऐकली होती म्हणे! पण इतका सरळ धूर कुणी पाहिलाय? मोजपट्टीनं पट्टी लावून बघितली. रेघ अगदी सरळ होती.

चौकात फोटोवाल्यांच्या दुकानापाशी येताच तिला उत्तर मिळालं. दुकानाच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं होतं, लांब, पांढरं आणि सरळ. काचेमागे, नवरानवरीच्या आणि बाळांच्या फोटोंमध्ये, एक चौकोन रिकामा होता.

"आमचा फोटो इथं लावला होतात ना?" मोजपट्टीनं विचारलं.

"लावला होता बुवा," फोटोवाले कानामागे पेन्सिल खोचत म्हणाले. "छान आला होता, म्हणून लावला. पेपरच्या बातमीदारानं रस्त्यावरूनच काचेतून टिपला असणार. मग अंगाशी यायला नको म्हणून मी काढून ठेवला. माझं नाव नका रे घेऊ कुठं!"

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत?"

"त्यांनी विचारलं का नाही?" फोटोवाले म्हणाले आणि पडद्याआड गेले.

बातमीदाराची कचेरी दोन गल्ल्या सोडून होती. तो एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानानं रेडिओ ऐकत होता.

"साहेब, तुम्ही छापलेलं इंजिन वीतभर लांबीचं आहे," मोजपट्टी म्हणाली.

"आणि कुत्रा म्हणजे मुंगी आहे!" गोंद्या म्हणाला.

"सहा पाय," शेपटानं भर घातली.

बातमीदार इतका हसला की फोन खाली पडला. "माझी आतली बातमी आहे, बाळांनो! रविवारी सकाळी स्टेशनात स्वागताची सभा आहे. अध्यक्ष येणार, बँड येणार! पळा, खेळा जा!"

राहिल्या मावशी. मोजपट्टी त्यांच्या दुकानापाशी गेली. सगळं सांगून झाल्यावर मावशींनी पेपर डोळ्यांजवळ धरला.

"सहा पाय कसले? शाई फरफटली असेल. तुम्ही छोटं स्टेशन केलंय ते मला माहीत आहे. पण म्हणून गाडी आलीच नाही असं कसं होईल? सगळं गाव खुळं का?"

"मावशी, खरंच..."

"सकाळी मी तुला विचारलं, तू हो म्हणालीस. आता नाही म्हणतेस. मी कोणतं धरून चालू?"

मावशी रागावल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी शांतपणे विचारलं होतं, आणि बरोबरच विचारलं होतं.

घरी गेल्यावर तिला रडू फुटलं. गोंद्यानं पाठीवर थोपटायला हात पुढे केला आणि मग विचार करून तो आधी धुऊन आला.

शुक्रवारी ती एकटीच दवाखान्याच्या कँटीनमध्ये गेली. कँटीनच्या बाई उंच होत्या, बाह्या वर सारून भलंमोठं पातेलं ढवळत होत्या.

"चहाच्या दुकानवाल्या मावशींची जागा कुणाला देऊ नका," मोजपट्टी एका दमात म्हणाली. "त्यांची काही चूक नाही. मी त्यांच्याशी खोटं बोलले, म्हणून त्यांनी नाही कळवलं."

"आणि खोटं का बोललीस?"

मोजपट्टीनं सगळं सांगितलं. स्वयंपाकी ऐकत होते, कपबश्या धुणारी माणसं ऐकत होती. तिला वाटलं, आपण इथंच पातेल्यामागे लपावं. पण तिनं 'मला छान वाटत होतं म्हणून' हेसुद्धा सांगून टाकलं.

बाईंनी ढवळायचा डाव खाली ठेवला. "सोमवारी सकाळपर्यंत जागा ठेवते. पण तिनं स्वतः येऊन हो म्हटलं पाहिजे. तुझं हो मला चालणार नाही."

"मलाही नाही चालणार," मोजपट्टी म्हणाली.

*

रविवारी काका बसमधून उतरले तेच पेपर फडकवत. "माझं इंजिन! अरे, हे माझं इंजिन!"

"माहीत आहे काका! आधी कॅमेरा द्या!" तिघांनी त्यांना हाताला धरून ओढतच नेलं. वाटेत सगळी हकिकत सांगून झाली.

"त्या बातमीदाराला आपण सांगायचंच नाही," मोजपट्टी म्हणाली. "सांगितलेलं त्याला ऐकूच येत नाही. त्याला दाखवायचं. बोलू दे त्यालाच."

स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. बँडवाले गाल फुगवत होते. अध्यक्ष भाषणासाठी खुर्चीवर चढत होते आणि खुर्ची नको म्हणत होती. मावशींच्या दुकानापुढे गर्दी लोटली होती आणि त्या दोन्ही हातांनी चहा ओतत होत्या. इतक्या आनंदात मोजपट्टीनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, नकोच काही. पण तो क्षण तिनं जाऊ दिला.

फलाटाच्या टोकाशी हातगाडी उभी राहिली. हातगाडीवर फळी, फळीभोवती चादरींचा आडोसा. मागची बाजू तेवढी टेकडीकडे उघडी ठेवलेली. पुढच्या चादरीला एक भोक पाडलं होतं आणि भोकात कॅमेरा बसवला होता. काका चादरीआड दडले. गोंद्या धावत सभेच्या पुढ्यात गेला.

"साहेब! बातमीदारसाहेब! इथून गाडी दिसतेय! लवकर!"

बातमीदार लोकांना ढकलत आला. त्यानं हे काय, ते काय, काहीही विचारलं नाही. विचारायची त्याला सवयच नव्हती. तो वाकला, कॅमेऱ्याला डोळा लावला आणि ताडकन ओरडला, "आली! गाडी आली! मी सांगत होतो ना? निळं इंजिन! फलाटाला लागतंय!"

बँड दणाणला. सगळ्या माना रुळांकडे वळल्या. रूळ रिकामे होते. गंज होता, आणि कोळ्याचं जाळं होतं.

बँड एकेक करून बंद पडला.

"कुठाय?" अध्यक्षांनी खुर्चीवरून विचारलं.

"ही काय समोर!" कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता बातमीदार ओरडला. "आणि तो काळा कुत्राही आलाय परत!"

"सोड!" मोजपट्टी म्हणाली आणि शेपटानं चादर सोडली.

हातगाडीवर दोन हात लांब फळी होती. फळीवर काका हातानं इंजिन ढकलत होते. आणि फलाटावरून एक मुंगी गोंद्याचा पाक शोधत ऐटीत चालली होती.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं स्टेशन हसलं. न्हावी सगळ्यात मोठ्यानं हसला, तेव्हा कुणीतरी त्याला विचारलं, "आणि शिट्टी?" मग तो खोकू लागला. बातमीदार कॅमेऱ्याच्या पुढून बघे, मागून बघे आणि घाम पुसे.

"शाबास!" अध्यक्ष खुर्चीवरून सुखरूप उतरत म्हणाले. "या मुलांनी साऱ्या गावाचे डोळे उघडले! काय ही हुशारी! काय हे हस्तकौशल्य! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांची छाती फुगली. गोंद्यानं वाकून नमस्कार केला. मोजपट्टीला मात्र प्रत्येक टाळी थोबाडीत बसल्यासारखी लागत होती.

"थांबा!" ती ओरडली. "नका वाजवू! हा फोटो आमचा आहे हे मला गुरुवारीच कळलं होतं. चहावाल्या मावशींनी मला खरं की खोटं ते विचारलं. आणि मी हो म्हणाले. त्यांनी माझं ऐकून कँटीनचं काम सोडलं. बातमीदारांना छापताना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

टाळ्या थांबल्या. सगळे मावशींकडे बघू लागले. मावशींनी हातातला चहा ज्याचा त्याला दिला, फडक्याला हात पुसले आणि त्या हातगाडीपाशी आल्या. कितीतरी वेळ त्या फळीकडे बघत राहिल्या.

"म्हणजे गाडी येणार नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, मावशी."

"बरं." त्यांनी एकदा खऱ्या रुळांकडे पाहिलं. मग त्या आणखी खाली वाकल्या. "हे माझं दुकान. आणि ही कोण? पिवळ्या रुमालाची? ही मी का?"

"हो," मोजपट्टी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

"हे हो तरी खरं ना?"

मोजपट्टीनं मान डोलावली. डोळ्यांत पाणी आल्यानं तिला दोन्ही मावशी दिसेनाशा झाल्या.

"कँटीनमध्ये जागा ठेवलीय," ती कशीबशी म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत. मी जाऊन आले. पण हो तुम्हीच म्हणायचंय."

"तू गेलीस? त्या बाईंपुढे? आणि काय सांगितलंस?"

"सगळं."

"त्या बाईंपुढे माझीही बोबडी वळते," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी छोट्या मावशींच्या हातातला मणी नखानं हळूच टोकरला. "माप चुकलंय गं तुझं. माझी किटली केवढी, ही केवढी! चल, ती खरी उचल. उद्या कँटीनला न्यायचीय, आज घरी ठेवू."

"मी पण धरतो!" गोंद्या पुढे झाला.

"नको," मोजपट्टी म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी किटली उचलली. ती चांगलीच जड होती. मावशींचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि तिथं पोचेपर्यंत मोजपट्टीनं ती कुठंही खाली ठेवली नाही.